मामू, ये उबंटू किधर से आया?

माझी भाची इथेच बीडमध्ये इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्गातल्या बाकीच्यांनी प्रोजेक्ट म्हणून हजेरीच्या वेबसाइट घेतल्या. हिने कर्नल लिहायला घेतला. कर्नल म्हटल्यावर तिच्या अब्बांना आधी फौजच आठवली. कोणत्या प्रोग्रामला किती मेमरी द्यायची, प्रोसेसर कधी द्यायचा हे ठरवणारा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा तो कर्नल, हे त्यांना सांगितल्यावरही त्यांचा प्रश्न एकच होता, याने नोकरी लागते का?

हे सगळं रमजानमध्ये चाललेलं. तरावीह आटोपून मी बहिणीकडे जायचो आणि आम्ही दोघं सहेरीपर्यंत बसायचो. क्यूईएमयू या नकली संगणकात तिचा कर्नल सुरू व्हायचा, अक्षरं उमटायची. आम्ही त्याला 128 एमबी मेमरी दिली होती, म्हणजे 4 केबीची 32,768 पानं. त्यातली रिकामी किती, हे मोजणारं एक छोटं फंक्शन होतं. ते कधी बरोबर आकडा सांगायचं, कधी भलताच. तोच कोड, तोच लॅपटॉप, दर वेळी वेगळं उत्तर.

अकरा दिवस गेले. तिने मेमरीचा सगळा भाग दोनदा नव्याने लिहिला. बाराव्या रात्री म्हणाली, "मामू, मेरे से नै होता. मैं भी वेबसाइटच बना लेती." तिला आपण कमी पडलो असं वाटत होतं. खरं सांगतो, मलाही क्षणभर तसंच वाटलं. मी तिला धीर दिला, पण आतून मान्य केलं. ते आज लिहितानाही टोचतं.

दुसऱ्या दिवशी इफ्तारच्या आधी तिचा फोन आला. रात्री झोप न आल्याने तिने तयार कर्नलच्या फाइलवर रीडएल्फ चालवला होता. जीसीसीसारखा कंपायलर सहसा आपण तयार केलेल्या फाइलीत आपलं नाव-आवृत्ती एका कोपऱ्यात लिहून ठेवतो. तिथे एकच नाव दिसायला हवं होतं, कारण तिने स्वतः जीसीसीचा क्रॉस कंपायलर बांधून घेतला होता, कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टिमला गृहीत न धरणारा. पण नावं दोन निघाली.

"मामू, ये उबंटू किधर से आया?"

उबंटू माझ्याकडून आला होता. पंधरवड्यापूर्वी त्या मोजणीच्या फाइलीत मी एक दुरुस्ती केली होती आणि ऐटीत, मेकफाइलला हात न लावता, टर्मिनलवर सरळ जीसीसी टाइप करून ती कंपाइल केली होती. म्हणजे लॅपटॉपवरच्या उबंटूचा जीसीसी. लिंकरने तेव्हा तक्रारही केली होती, स्टॅकची राखण करणारं एक फंक्शन सापडत नाही म्हणून. मी काय केलं, तर ती राखणच बंद करायचा पर्याय लावून पुन्हा कंपाइल केलं. तक्रार थांबली. पुढे मेकला वाटलं ही फाइल ताजीच आहे, त्यामुळे तिने बाकी सगळं बदललं तरी ती फाइल पुन्हा कधी बांधलीच गेली नाही.

बिघाड कसा होत होता, तो भाग मात्र मजेशीर आहे. चौसष्ट बिटच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर लिनक्सच्या दुनियेत एक करार चालतो. जे फंक्शन दुसऱ्या कुणाला बोलवत नाही, त्याने स्टॅकच्या टोकाखालची 128 बाइट जागा न विचारता वापरावी. तिला रेड झोन म्हणतात. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत माल मांडतात, तसंच ते. साध्या प्रोग्रामला हे चालतं, कारण कर्नल त्या जागेला हात लावत नाही. पण आपणच कर्नल असलो तर? टायमरचा इंटरप्ट आला की प्रोसेसर आपल्या पाच नोंदी, 40 बाइट, त्याच जागेवर टाकतो. तिचा टायमर सेकंदाला 100 वेळा वाजत होता. मोजणी चालू असताना वाजला की मोजलेलं पुसलं जायचं, नाही वाजला तर उत्तर बरोबर. म्हणून कर्नल लिहिणारे कंपायलरला रेड झोन वापरू नकोस असं बजावतात. तिच्या मेकफाइलमध्ये ते बजावलेलं होतं. माझ्या ऐटीत नव्हतं. कुणी म्हणेल, मग दोष कंपायलरचा नाही, विसरलेल्या सूचनेचा. अर्धं खरं. पण उबंटूचा कंपायलर अशी कितीतरी गृहीतकं खिशात घेऊन येतो, त्यातलं एकेक आठवून बंद करण्यापेक्षा त्याला बाहेरच ठेवलेलं बरं.

मोठे लोकही हे पाळतात. लिनक्स वर्षानुवर्षं जीसीसीवरच बांधला जायचा. आता क्लँगवरही बांधता येतो, पण तिथे एका पर्यायात कंपायलर, लिंकर आणि बाकी हत्यारं सगळी एकदम एलएलव्हीएमची होतात. वायफायचा ड्रायव्हर स्वतः बांधताना कर्नलचा कंपायलर वेगळा आहे अशी ताकीद तुमच्यापैकी काहींनी पाहिली असेल आणि माझ्यासारखी सोडूनही दिली असेल.

मला माझे दादा आठवले. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात, शेजारचं नगर इंग्रजांच्या. इकडे हाली सिक्का, तिकडे कलदार. दोन्हींना नाव रुपया, पण सात हाली म्हणजे सहा कलदार. दादा नगरहून कापड आणायचे. एकदा वहीत नुसतं "सत्तर रुपये" लिहून ठेवलं, कुठले ते लिहिलंच नाही. दहा कलदारांचा फरक आठवडाभर सापडेना आणि आळ दुकानातल्या पोरावर गेला. सप्टेंबर 1948 नंतरही काही वर्षं दोन्ही नाणी बाजारात होती, त्यामुळे ही गोष्ट घरात बराच काळ जिवंत राहिली. आमचे दोन्ही कंपायलरही जीसीसीच होते.

फोनवर मी तिला सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ग्यारा दिन, मामू."

त्या रात्री तिने सगळ्या तयार फाइली पुसून कर्नल पहिल्यापासून बांधला. तासभर चालवला, आकडा एकदाही हलला नाही. मग तिने मेकफाइलमध्ये एक तपासणी घातली. तयार कर्नलमध्ये कंपायलरची दोन नावं दिसली तर बांधकाम तिथेच थांबतं आणि पडद्यावर एक ओळ येते. ती ओळ काय आहे हे मी इथे लिहिणार नाही. त्यात माझं नाव आहे.