गाळलेला 'के'

मंडळी, आम्ही इंदूरचे. अंगणात हिंदीचं 'जो-वो', घरात आजीचं 'जो-तो'. दोन्ही कानावर पडत मोठे झालो, त्यामुळे वाक्यं कशी जोडायची हे कुणी वेगळं शिकवलं नाही.

आता टेक्सासला लेकीकडे असते. इथल्या वाचनालयात मेक्सिकोहून आलेल्या बायकांना इंग्रजी शिकवते. एकीने डॉक्टरांची चिठ्ठी आणली: 'द मेडिसिन यू टेक अ‍ॅट नाइट मस्ट बी स्टॉप्ड.' तिने अर्थ लावला, औषध रात्री घ्यायचं! म्हणजे जे बंद करायचं, नेमकं तेच ती घेणार होती.

बाई हुशार आहे हो. पण स्पॅनिशमध्ये माणूस असो की वस्तू, बहुतेक ठिकाणी 'के' हा एकच शब्द वाक्य जोडतो, आणि तो गाळता येत नाही. इंग्रजीत माणसाला 'हू', वस्तूला 'विच', दोघांना 'दॅट'. त्यातून 'तू घेतेस ते औषध' अशी रचना असली, की इंग्रज तो शब्द खुशाल गाळतात.

मग एक युक्ती दिली. 'मेडिसिन'ला लागूनच 'यू' आला, मधे काहीच नाही, की तिथे पेन्सिलीने 'के' लिहायचा आणि वाक्य पुन्हा वाचायचं. अर्थ लागतो.

गंमत म्हणजे त्यांचं 'कुयो-कुया' अगदी आपल्या 'ज्याचा-ज्याची'सारखं, मालकीच्या वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलणारं. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'हूज'. हे सांगितलं तेव्हा वर्गातल्या बायका म्हणाल्या, तुमची भाषा आमच्या जवळची दिसते!

परक्या मुलखात भाषा शिकवताना आपली मराठी अशी कामी येते, मंडळी.