एका सालाची गाणी

आमच्या गावाचे नाव कंसाशिवाय पुरे होत नाही. सिंदी (रेल्वे) असेच लिहावे लागते, नाही तर पत्र वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेला जाऊन बसायची भीती. नागपूरहून वर्ध्याकडे निघालेली गाडी बुटीबोरी, बोरखेडी मागे टाकून आमच्याकडे येते आणि पुढे तुळजापूर, सेलू करीत निघून जाते. हावडा-मुंबईच्या रस्त्यावरचे स्टेशन म्हणून आम्हांला त्याचा अभिमान. पण मोठ्या गाड्या आमच्याकडे ढुंकूनही न बघता धडधडत पुढे जातात. त्या धडधडीचा आणि मी सांगणार आहे त्या गोष्टीचा जवळचा संबंध आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीत अमीन सायानी वारले. त्या रात्री जिकडे तिकडे त्यांचाच आवाज लागला होता. ती ‘बहनों और भाइयों’ची हाक ऐकली आणि मला एकदम बाबांची वही आठवली. बाबांना जाऊन तेव्हा काही वर्षे झाली होती. त्यांच्या वस्तू आईने एका पत्र्याच्या पेटीत घालून ठेवल्या आहेत. चष्मा, जिनिंगमधली एक जुनी पावती-बुके, दाढीचे सामान, आणि सर्वांत खाली लाल कापडी पाठीची ती लांबट वही.

बाबा चौथीपर्यंत शिकलेले. सतराव्या-अठराव्या वर्षी ते इथल्या एका जिनिंगमध्ये मापारी म्हणून लागले. कापसाची वजने लिहायची, गाड्यांचे आकडे मांडायचे. दिवसभर दुसऱ्याच्या वहीत लिहिणाऱ्या या माणसाने स्वतःसाठी अशी एकच वही घातली, आणि तिच्यात लिहिली ती गाणी. शब्द नव्हेत. नुसते नाव, चित्रपट आणि पायरी. दर बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे. कोणते गाणे किती पायऱ्या चढले, कोणते उतरले, कोणते बिगूल वाजवून ‘सरताज’ झाले, याचा हिशेब बाबा कापसाच्या हिशेबाइतक्याच काटेकोरपणे ठेवीत.

घरी रेडिओ नव्हता. त्या काळी त्याला पोस्टातून परवाना काढावा लागे, आणि परवान्याच्या आधी रेडिओ घ्यावा लागे! स्टेशनच्या रस्त्यावर एक हॉटेल होते. हॉटेल म्हणजे आमच्याकडे चहा आणि आलुबोंड्याचे दुकान. तिथे भिंतीवरच्या फळीवर रेडिओ असे. बुधवारी चहा घेतला तरच बाकावर जागा, असा मालकाचा दंडक. एका चहावर एक तास काढण्याची कला बाबांना साधली होती, असे आई सांगते. सिलोन लघुलहरींवर, आवाज समुद्राच्या लाटेसारखा जवळ येई आणि दूर जाई. त्यात ऐन वेळी कोळशाच्या इंजिनाची मालगाडी आली की संपलेच. वहीत अनेक ठिकाणी पायरीचा आकडा आहे, पण गाण्याची जागा रिकामी आहे, आणि तिथे बाबांनी एकच शब्द लिहिला आहे: ‘गाडी’.

आजच्या मुलांना या यादीचे महत्त्व पटवून देणे कठीण आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. माणूस विद्वान, मराठी, शास्त्रीय संगीताचा कैवारी. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे ठाम मत, आणि आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपारच झाली. लोकांनी काय केले? लोकांनी रेडिओचा काटा फिरवून लंकेवर नेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिथे गीतमाला सुरू झाली. आधी सात गाणी उलटसुलट वाजवायची आणि श्रोत्यांनी क्रम लावून पाठवायचा, असा खेळ होता. पहिल्याच खेपेला नऊ हजार पत्रे आली, असे सायानी पुढे सांगत असत. मग पायऱ्यांची पद्धत आली. रेकॉर्ड विकणारी दुकाने आणि गावोगावचे श्रोता संघ यांच्याकडून येणाऱ्या कौलावर पायऱ्या ठरू लागल्या, आणि वर्षाच्या शेवटी साऱ्या सालाचा हिशेब होऊ लागला. केसकर पायउतार होण्याच्या कितीतरी आधी, १९५७ साली, आकाशवाणीला विविध भारती काढावीच लागली. केसकरांना मी पूर्वी हसत असे. हल्ली हसवत नाही. हातात लाल पेन्सिल घेतलेल्या माणसाची मला आता थोडी दया येते. का, ते पुढे कळेल.

वहीतले १९६७ सालचे पान मी उघडले. वर मोठ्या अक्षरांत ‘सन १९६७ चे पयले गाने’ असे लिहिले आहे, आणि खाली ‘मिलन’ चित्रपटातले श्रावण महिन्याचे ते गाणे. मुकेश आणि लता मंगेशकर यांनी गायिलेले, आनंद बक्षींनी लिहिलेले, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी चाल दिलेले. ते गाणे तुम्हांला ठाऊक आहेच. पडद्यावर सुनील दत्त नावाडी आहे आणि नूतन शिकलेल्या घरची मुलगी. नावाडी तिला गाणे शिकवतो आहे. ती वाऱ्याच्या आवाजाला ‘शोर’ म्हणते, चांगला स्वच्छ तालव्य श उच्चारून. आणि नावाडी तिला थांबवतो. असे नाही, ‘सोर’ म्हण. मुलगी मुकाट्याने आपला उच्चार सुधारते, म्हणजे आम्हां मास्तर लोकांच्या दृष्टीने बिघडवते, आणि मग कुठे गाणे पुढे सरकते.

यातली आणखी एक गंमत मराठी माणसालाच कळावी. लताबाई नवीन होत्या तेव्हा दिलीपकुमारांनी मराठी माणसांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो अशा अर्थाचे काहीसे बोलून दाखवले होते. ती गोष्ट त्या स्वतःच पुढे सांगत. ते त्यांच्या मनाला लागले आणि त्यांनी मौलवींकडून रीतसर उर्दूचे धडे घेतले. एवढ्या कष्टाने कमावलेला तो श! वीस वर्षांनी त्याच गळ्याला एक नावाडी सांगतो, तो श ठेव बाजूला. आणि साऱ्या देशाने त्या सालच्या सगळ्या गाण्यांच्या डोक्यावर नेऊन बसवले ते हेच गाणे.

ते सालच तसे होते म्हणा. १९६५ आणि १९६६ चे पावसाळे फसलेले, बिहारात दुष्काळ, शास्त्रीजींनी दिलेली जवान-किसानांची घोषणा लोकांच्या तोंडी. त्याच घोषणेवरून मनोजकुमारने काढलेला ‘उपकार’ही १९६७ चाच. महेंद्र कपूरने गायिलेले त्यातले मातीचे गाणे आजही पंधरा ऑगस्टला आमच्या शाळेच्या भोंग्यावर लागते. नांगर आणि नाव, दोन्ही एकाच सालात पडद्यावर आली.

माझा भाचा नागपूरला असतो आणि फोनवर जगातले काहीही काढून दाखवतो. वहीची हकीकत ऐकून तो म्हणाला, “मामा, अमेरिकेत गावाकडच्या गाण्यांची यादी वेगळीच असते.” मग त्याने मला सांगितले की ‘बिलबोर्ड’ नावाच्या तिकडच्या पत्रिकेने १९४४ साली अशी वेगळी यादी सुरू केली, आता तिला कंट्री म्हणतात. आणि योगायोग असा, की १९६७ च्याच फेब्रुवारीत त्या यादीत पहिल्यांदा वर पोचली ती लोरेटा लिन. केंटकीतल्या कोळसा खाणकामगाराची मुलगी, पोरवयात लग्न झालेली, सहा लेकरांची आई. गाणे काय, तर दारू पिऊन रात्री घरी येणाऱ्या नवऱ्याला बायकोने दिलेला दम. हे गाणे आमच्या सिंदीतही पहिल्या पायरीवर गेले असते. त्या बाईने आपली डोंगराळ बोली शेवटपर्यंत धुऊन काढली नाही म्हणतात. मला तिचे बोलणे काही समजले नाही, पण आवाज ओळखीचा वाटला. तिकडे गावच्या गाण्याला वेगळी पंगत. आपल्या गीतमालेत सगळे एकाच पंगतीला, आणि त्या वर्षी पहिले पान नावाड्याचे.

तर, बाबांनी पानावर नाव लिहिले, आणि त्याच्या खाली, कधी नव्हे तो, गाण्यातला एक शब्द वेगळा लिहून ठेवला आहे: ‘सोर’. तो शब्द लाल शाईने खोडलेला आहे. वर नीटस अक्षरात ‘शोर’ लिहिले आहे. ते अक्षर माझे.

मी सातवीत होतो. १९९२ साल. शाळेत शुद्धलेखनाच्या स्पर्धेत पहिला आलो आणि बक्षीस म्हणून लाल शाईचे पेन मिळाले. बक्षिसाचा उपयोग करायला घरात काहीतरी अशुद्ध हवे होते. बाबांची वही हाती लागली. एका दुपारी मी ती पहिल्या पानापासून तपासली. ‘पयले’चे पहिले, ‘गाने’चे गाणे, ‘पानी’चे पाणी. काही पानांखाली शेरेही दिले आहेत. ‘अक्षर बरे, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.’ शेवटी सही. पंचवीस वर्षांची वही तपासायला मला तीन तास लागले.

संध्याकाळी बाबा जिनातून आले. मी मोठ्या डौलाने वही पुढे केली. त्यांनी हात धुतले, चष्मा लावला, कंदिलाजवळ बसावे तसे दिव्याखाली बसून एकेक पान उलटले. १९६७ च्या पानावर थांबले की नाही, हे आठवायचा मी फार प्रयत्न केला आहे. मग ते म्हणाले, “बरं केलं. आतापासून तूच लिही.” गीतमाला तोवर सिलोन सोडून विविध भारतीवर आली होती आणि घरी आमचा स्वतःचा रेडिओ होता. मी तीन आठवडे लिहिले. चौथ्या आठवड्यात क्रिकेटची मॅच होती. वही तिथेच संपली. बाबांनी पुन्हा पेन उचलले नाही, आणि मला ते उचलत नाहीत हे कळलेही नाही. १९९४ साली गीतमालाच थांबली.

पुढे ते गाणे मी शेकडो वेळा ऐकले. त्यातली श आणि स ची थट्टा मला तोंडपाठ होती. गॅदरिंगमध्ये ती नक्कल करून मी टाळ्याही घेतल्या आहेत. पण वहीतल्या त्या शब्दाची आठवण कधी झाली नाही. बाबांनी कानाने ऐकले तेच लिहिले होते, आणि गाण्याला हवे होते तेच ऐकले होते. साऱ्या वहीत त्यांचा एवढा एकच शब्द असा होता की जो कोणत्याही मास्तराला खोडता आला नसता.

मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. एका लहानशा खाजगी शाळेत पहिली-दुसरीची मुले शिकवतो, आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. कमी शिकलेला मास्तर शुद्धलेखनाला फार कडक असतो, हे मी स्वतःवरून सांगतो. वर्गात एखादी मुलगी उठून म्हणते, “सर, पानी प्यायले जाऊ?” मी म्हणतो, “पाणी म्हण.” ती ‘पाणी’ म्हणते, ण वर चांगला जोर देऊन, आणि दाराबाहेर पडताच मैत्रिणीला हाक मारते, “चाल वं, पानी पिऊ.” माझ्या कादंबऱ्यांतली माणसे मात्र सगळी ‘पानी’च पितात, आणि त्याबद्दल पुण्या-मुंबईचे वाचक मला पत्रे लिहून शाबासकी देतात. ण शिकवणे मी सोडलेले नाही. ते सोडून चालायचे नाही. या पोरांना उद्या मुलाखती द्यायच्या आहेत. पण त्या मुलीला थांबवताना हल्ली माझी जीभ थोडी अडखळते.

गेल्या दिवाळीच्या सफाईत वही पुन्हा बाहेर निघाली. मी ओसरीवर १९६७ चे पान उघडून बसलो होतो. लाल शाई ब्लेडने खरवडून निघेल का, ते पाहत होतो. कागद जुना, शाई निघण्याआधी तोच गेला असता. आई समोर चकल्यांची भाजणी चाळत होती.

“काय पाहून राहिला रे एवढं?” तिने विचारले.

मी सांगितले. सगळेच सांगितले, तीस वर्षांनी.

ती चाळणी थांबवून म्हणाली, “तुह्या बाबाले लय कौतुक होतं त्याचं. जिनात सांगत सगळ्यायले, माह्या पोरानं माही अख्खी वही तपासली म्हणून.”

मला पुढे काही बोलता येईना. तिनेच मग पदराला हात पुसले आणि म्हणाली, “लाव ना ते गानं. तुह्या फोनात असंन.”

मी लावले. सुरुवातीचे सूर वाजले न वाजले तोच लाइनीवरून मालगाडी आली. भिंतीवरची भांडी थरथरू लागली. आईने हात वर केला.

“थांबव जरा,” ती म्हणाली. “गाडी जाऊ दे.”