खोकल्याच्या रेघा

२०२३ चा शिमगा मार्चच्या पहिल्या आठवड्यात आला. त्याआधी फेब्रुवारीत महाडला वीरेश्वराचा छबिना होऊन गेला होता. दोन्हीला मुंबई-पुण्याची माणसं गावी येतात. आमचं गाव नाते, महाड-रायगड रस्त्यावरचं, त्यामुळे पाचाडकडे जाणारी प्रत्येक गाडी आमच्या समोरूनच जाते. मी तेव्हा इथल्या वाड्यांवर आरोग्यसेविका होते.

घरभेटीचे प्रश्न ठरलेले असतात. ताप आहे का, किती दिवस, खोकला कधीपासून, घरात पाच वर्षांखालचं कोण. माझ्या वहीत खोकल्याच्या रकान्यात एरवी आठवड्याला चार-पाच रेघा पडत. चार उभ्या, पाचवी आडवी, म्हणजे मोजायला सोपं. त्या आठवड्यात पहिल्या दोन आळ्यांतच चार आडव्या रेघा झाल्या.

एका पडवीत आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. पाखडता पाखडता खोकल्याची उबळ आली की सूप मांडीवर टेकवायच्या.

"सादी सर्दी हाय ती. तिला कशाला लिवतेस बाय?"

"घरात पाहुणे कोण आलं होतं आजी?"

"नातू आला ना पालखीला. त्याचाच घसा बसला व्हता."

नातू आला सोमवारी, आजींना ताप बुधवारी रात्री. फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यापासून साधारण दोन दिवसांत माणूस आजारी पडतो, हे प्रशिक्षणात शिकले होते. इथे तसंच डोळ्यांसमोर घडत होतं. मग मी प्रत्येक रेघेपुढे बारीक अक्षरात लिहायला लागले, कोण कुठून आलं आणि कधी. ते कुठल्याच फॉर्ममध्ये विचारलेलं नव्हतं. पण चार दिवसांनी वही चाळली तर दिसलं की ताप आधी रस्त्यालगतच्या घरांत, मग शाळेत आणि शाळेतून आतल्या आळ्यांत गेला होता. शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीचे शेरे त्याच क्रमाने होते.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना अजूनही अवघड वाटतं. डोंगरातल्या एका वाडीवर त्या आठवड्यात माझ्याने जाणं झालं नाही. पाय दुखत होता, चढ मोठा. फोन लावला, रेंज नव्हती. आकडे भरायची वेळ संपत आली होती, म्हणून त्या वाडीपुढे मी शून्य भरलं. पुढच्या मंगळवारी वर गेले तर नऊ जण खोकत होते, आणि बहुतेकांचा ताप येऊन गेलेला होता. म्हणजे साथ तिथे आधीच्याच आठवड्यात पोचली होती, मी शून्य लिहिलं त्याच आठवड्यात. रकाना कोरा ठेवला असता तर इथे कुणी गेलं नाही एवढंच कळलं असतं. शून्याचा अर्थ असा की गेलो, विचारलं, कुणी आजारी नाही. देशाच्या नकाशावर त्या वाडीत विषाणू एक आठवडा उशिरा पोचला तो माझ्यामुळे.

हे एवढं मनाला लागायचं कारण, वरची सगळी यंत्रणा याच आकड्यांवर उभी आहे. पूर्वी आमचा कागदी एस फॉर्म आठवड्याला जायचा, डॉक्टरांचा पी आणि प्रयोगशाळेचा एल. २०२१ पासून सगळं आयएचआयपी या सरकारी पोर्टलवर जातं. आकड्यांवरून साथ कुठे वाढतेय ते कळतं, पण ती कशाची हे स्वॅबशिवाय कळत नाही. नाकातला-घशातला नमुना, बाटलीतलं गुलाबी द्रावण, बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेपर्यंतचा प्रवास. स्वॅब थोड्यांचेच घेतात. पुण्याची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि देशभरच्या प्रयोगशाळा ते तपासतात, आणि जगभरच्या अशाच नमुन्यांवरून वर्षातून दोनदा फ्लूच्या लशीत कोणते प्रकार घ्यायचे ते ठरतं.

त्याच मार्चमध्ये पेपरात फ्लूच्या एका प्रकाराचं नाव आलं, एच३एन२. ताप तीन दिवसांत उतरतो, खोकला तीन आठवडे रेंगाळतो, असं लिहिलं होतं. वर्णन आमच्या वाड्यांचंच होतं. पण आमच्यातल्या कुणाचा स्वॅब गेलेला नव्हता, त्यामुळे तोच होता असं मी छातीठोक म्हणणार नाही.

जुनी माणसं मानमोडी म्हणतात ती १९१८ ची साथही फ्लूचीच. जूनमध्ये ती मुंबई बंदरात दिसली, आगगाड्यांतून देशभर गेली आणि एक कोटीहून जास्त माणसं घेऊन गेली. म्हणून साध्या सर्दीलाही रेघ हवी असं मला मनापासून वाटतं. वेगळं काही आलं तर ते आधी नेहमीच्या आकड्यापेक्षा जास्त रेघा होऊनच दिसणार. नेहमीचा आकडाच कुणी लिहिला नसेल तर जास्त म्हणायचं कशावरून?

आजींचा खोकला दोन आठवड्यांवर गेला. दोन आठवड्यांवरचा खोकला म्हटलं की क्षयाची तपासणी करायचीच, मग साथ असो नसो. थुंकीची डबी दिली, सकाळची पहिली थुंकी कशी काढायची ते करून दाखवलं. निकाल निगेटिव्ह आला. तो सांगायला गेले तेव्हा खोकला जवळजवळ थांबला होता.

"मग व्हतं काय मला?"

नाव सांगता येत नव्हतं. मी वही उघडून पडवीच्या उजेडात धरली आणि त्यांची रेघ दाखवली. त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली, बराच वेळ पाहिलं.

"आन् नातवाची?"

मी तिच्यापुढची बारीक अक्षरं वाचून दाखवली. मुंबईहून, सोमवारी, घसा बसलेला.