राजापूरच्या खालचे पाणी

पंचगंगेच्या पुराचे नियोजन कोल्हापुरात सुरू होते, पण कोल्हापुरात संपत नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून झालेली ही नदी नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. शिरोळ तालुक्यातला राजापूर बंधारा ओलांडला की कृष्णा कर्नाटकात शिरते. पुढे आधी बागलकोट जिल्ह्यात हिप्परगी बॅरेज आणि नंतर विजयपूर-बागलकोटच्या सीमेवर अलमट्टी धरण. वरची धरणे महाराष्ट्राच्या जलसंपदा विभागाकडे, अलमट्टीचे दरवाजे कर्नाटकच्या कृष्णा भाग्य जल निगमाकडे, पुराचा अंदाज केंद्रीय जल आयोगाकडे आणि पावसाचा हवामान खात्याकडे, असा हा एकाच पाण्याचा चौघांत वाटलेला कारभार आहे.

पूर मोजण्याची भाषाही एक नाही. कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी फूट-इंचांत वाचतात: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये ते ५५ फूट ७ इंचांवर, तर २०२१च्या जुलैमध्ये ५६ फूट ३ इंचांवर गेले. अलमट्टीची पातळी मात्र समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, साठा टीएमसीत (अब्ज घनफूट) आणि विसर्ग क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) सांगतात. जुने कोल्हापूरकर शिवाजी पुलाची मच्छिंद्री ही पूरखूण पाहून पुराचा अंदाज बांधत, तो निदान सगळ्यांना सारखाच कळे.

एक हिशेब मात्र सामान्य वाचकानेही ध्यानात ठेवावा. एक लाख क्युसेकचा प्रवाह दिवसभर वाहिला तर ८.६४ टीएमसी पाणी जाते. राधानगरीचा अख्खा साठा ८.३६ टीएमसी, म्हणजे एका दिवसाचाही नव्हे. तरीही दरवर्षी ‘राधानगरीचा दरवाजा उघडला’ अशी बातमी आली की शहरात घबराट पसरते. राधानगरीचे सातही दरवाजे स्वयंचलित आहेत. तलाव भरला की ते आपोआप उघडतात, कुणी सोडत नाही. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक, सातही उघडले तर जेमतेम दहा हजार. ही गोष्ट दर पावसाळ्यात नव्याने सांगावी लागते आणि दर पावसाळ्यात ती विसरली जाते. पंचगंगेचा मोठा पूर धरणाखालच्या मोकळ्या पाणलोटात पडलेल्या पावसाचाही असतो, आणि त्या पावसाला दरवाजा नसतो.

खरा वाद अलमट्टीचा. धरणाची सध्याची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे. कृष्णा पाणीतंट्याच्या ब्रिजेशकुमार लवादाने २०१०मध्ये ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली, पण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे तो निवाडा अद्याप राजपत्रात आलेला नाही. राजाराम बंधाऱ्यावरची धोका पातळी सुमारे ५४३ मीटर भरते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की अलमट्टीचे पाणी कोल्हापुरापर्यंत चढणे अशक्य, असे म्हणून विषय मिटवता येतो. नंदकुमार वडनेरे समितीनेही २०२०मध्ये २०१९च्या पुराचा दोष अलमट्टी आणि हिप्परगीला दिला नाही. अतिवृष्टी आणि आक्रसलेली नदीपात्रे ही कारणे पुढे केली.

एवढ्यावर थांबणे मात्र सोयीचे आहे, पुरेसे नाही. वाहते पाणी तळ्यासारखे सपाट नसते. प्रवाह जितका मोठा, तितका जलाशयाच्या शेपटाकडे पाण्याचा पृष्ठभाग वर उचलला जातो; हाच फुगवटा. नदी जलाशयात शिरते तिथे तिचा वेग पडतो, गाळ बसतो आणि पुढच्या वर्षी तेवढेच पाणी थोडे अधिक उंचीवर वाहते. इथल्या कृष्णेला उतार फार कमी. त्यामुळे शिरोळच्या शेतकऱ्याचा प्रश्न ‘पाणी किती चढले’ यापेक्षा ‘उतरायला इतके दिवस का लागले’ हा असतो, आणि पातळ्यांच्या तुलनेतून त्याचे उत्तर मिळत नाही. त्यासाठी राजापूर ते अलमट्टी या पट्ट्यातले नदीचे ताजे आडवे छेद, दोन्ही बाजूंच्या तासागणिक नोंदी आणि दोन्ही राज्यांनी मान्य केलेले एकच गणिती प्रारूप हवे. ते होईपर्यंत ‘अलमट्टीमुळेच’ आणि ‘अलमट्टीमुळे मुळीच नाही’ ही दोन्ही विधाने पुराव्यापेक्षा आवेशावर उभी राहतात. महामार्गाचा भराव आणि निळ्या पूररेषेतली बांधकामे मात्र पूर्णपणे आपल्याच हद्दीत आहेत, त्यांसाठी बंगळूरला पत्र पाठवावे लागत नाही.

कायद्याचीही या कामी फारशी मदत होत नाही. कृष्णेच्या आधीच्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७०० आणि तत्कालीन आंध्रला ८०० टीएमसी पाणी वाटून दिले. लवादांपुढचा मुख्य तंटा पाणी अपुरे पडण्याचा. पुराचा भार वाटून घेणे हा तिथे मुख्य प्रश्न नसतो. नदी मंडळांसाठी १९५६चा स्वतंत्र कायदा आहे, पण त्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही.

देशादेशांत हे काम कसे चालते? ऱ्हाईनकाठच्या देशांचा आयोग १९५०पासून आहे. १९९३ आणि १९९५च्या पुरांनंतर त्याने १९९८मध्ये पुरासाठी संयुक्त कृती आराखडा स्वीकारला. सगळीच उदाहरणे गोड नाहीत. ब्रह्मपुत्रेच्या पावसाळी नोंदी देण्याचा करार चीनने २००२मध्ये केला, पण डोकलामच्या सीमातणावाच्या वर्षी, २०१७मध्ये, त्या नोंदी आल्या नाहीत. संबंध बिघडले की पहिल्यांदा आकडे थांबतात.

कोल्हापूरच्या बाबतीत परदेश परराज्यापेक्षा आधी जवळ आला. जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेने कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी तत्क्षणी पूर-अंदाज आणि धरण-परिचालनाची प्रणाली उभी केली. ते काम महाराष्ट्रातल्या खोऱ्यांपुरते होते. अलमट्टीच्या दरवाजांचा निर्णय मात्र या हद्दीबाहेर होतो.

अंदाजाचे मोल शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत दिसते. जुलैअखेर तिथे गणेशमूर्तींची घाई असते. ओल्या मूर्ती उचलता येत नाहीत, वाळलेल्या एकेक करून उंचावर न्याव्या लागतात. सहा तासांची सूचना आणि चोवीस तासांची सूचना यांत एका घराच्या वर्षाच्या कमाईचे अंतर असते. आंबेवाडी आणि प्रयाग चिखलीच्या गोठ्यांतली जनावरे हलवतानाही तेच.

२०२१च्या जूनमध्ये महाराष्ट्राचे जलसंपदामंत्री जयंत पाटील आणि कर्नाटकचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांची बंगळूरला बैठक झाली. तत्क्षणी माहितीची देवाणघेवाण आणि विसर्गाचा मेळ हाच विषय होता. महिनाभराने, २२ जुलैच्या आसपास, महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. अशा पावसापुढे कोणताही समन्वय पूर टाळू शकत नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. खालचा जलाशय दोन दिवस आधी रिकामा करून ठेवला तर खालच्या पट्ट्यातली पातळी थोडी उतरू शकते आणि फुगवटा लवकर ओसरू शकतो, फायदा झाला तर एवढाच. पण सपाट प्रदेशात एक फूट म्हणजे कित्येक एकर ऊस.

आता जागतिक बँकेच्याच साहाय्याने कोल्हापूर-सांगलीच्या पूरनियंत्रणाचा नवा कार्यक्रम हाती घेतला गेला आहे. दुसरीकडे २०२५च्या जुलैमध्ये महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी अलमट्टीची उंची वाढवण्यास पत्राद्वारे विरोध नोंदवला, आणि कर्नाटक ५२४.२५६ मीटरवर ठाम आहे. उंचीचा निकाल न्यायालयात लागेल. कोणत्या अंदाजाला अलमट्टीची पातळी कितीवर आणायची, वरच्या कोयना आणि वारणा धरणांतून त्या वेळी किती सोडायचे आणि तो फोन कोणत्या अभियंत्याने कोणत्या अभियंत्याला करायचा, हे कोष्टक ठरवण्यासाठी मात्र निकालाची वाट पाहावी लागत नाही. ते दोन्ही राज्यांच्या सहीने मेअखेर, बंधाऱ्यांचे बरगे निघतात त्या सुमारास, तयार असायला हवे.