बशीतला चहा

सुरुवातीलाच सांगून टाकते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे 'मराठी विभागासाठी काहीतरी लिही ना' असं संपादक मंडळातल्या मैत्रिणीने म्हटलं तेव्हा मी आधी हसलेच. घरी मराठी बोलतो, पण लिहायचं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घाचा व्हायवाच! शेवटी ठरवलं, चुका होतील तर होऊ देत. कारण जे सांगायचंय ते आमच्या आबांबद्दल आहे, आणि आबांना इंग्रजी येत नव्हतं.

विषय निघाला अंड्यांवरून. माझी रूममेट जिमला जाते आणि रोज सकाळी केटलमध्ये चार अंडी उकडते. (रेक्टर मॅडम, केटल आमची नाही, कुणीतरी ठेवायला दिली आहे!) परवा शेजारच्या रूममधली एक जण म्हणाली, "एवढं प्रोटीन खाऊ नकोस गं, कॅन्सर होतो." सगळ्या हसल्या. मला मात्र हसता आलं नाही. हेच वाक्य मी आमच्या घरात ऐकलं होतं, आणि त्याची किंमतही पाहिली होती.

आबा म्हणजे माझे आजोबा. एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर साताऱ्याजवळच्या आमच्या गावी राहायचे. खिशात तंबाखू-चुन्याची डबी कायमची. आणि चहा लागायचा तो उकळता! चुलीवरून उतरला की थेट घशात. आजी मात्र बशीत ओतून, फुंकर मारून, फुर्रर्र आवाज करत प्यायची. आबा तिला चिडवायचे, "बशीतला च्या म्हंजी आंघोळीचं पाणी!" मी आबांच्या बाजूने. शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं की बशी फक्त कप ठेवण्यासाठी असते. मला आजीच्या त्या फुर्रर्रची चक्क लाज वाटायची.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत गावी गेले, तर आबा भाकरी आमटीत कुस्करून खात होते. मी म्हटलं, "आबा, आता कवळी बसवा!" सगळे हसले, आबाही हसले. संक्रांतीला गेले तेव्हा भाकरी दुधात गेली होती. होळीला पुरणपोळी बाजूला सारून ते नुसती पेज पीत होते. सदरा अंगावर लोंबायला लागला होता. मधल्या काळात गावात ॲसिडिटीच्या गोळ्या चालू होत्या. शेवटी बाबांनी त्यांना शहरात नेलं, एंडोस्कोपी झाली. अन्ननलिकेचा कॅन्सर.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. अन्ननलिका म्हणजे साधारण २५ सेंटिमीटर लांबीचा, स्नायूंचा बनलेला पाईप. तो ताणला जातो, त्यामुळे आत गाठ वाढत असली तरी बराच काळ काही कळत नाही. कळतं तेव्हा आधी घट्ट पदार्थ अडकतात, मग मऊ, आणि शेवटी पाणीसुद्धा. हा क्रम ऐकताना माझ्या डोळ्यांसमोरून दिवाळी, संक्रांत आणि होळी सरकत गेली. पाईपची त्रिज्या निम्मी झाली तर त्याच दाबाखाली प्रवाह सोळाव्या हिश्शावर येतो, हे गणित मी त्याच वर्षी फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात सोडवलं होतं. पूर्ण मार्क मिळाले होते. घरातला पाईप मात्र दिसला नाही.

पण खरा घोळ पुढे झाला. एक चुलत काका भेटायला आले आणि ठामपणे म्हणाले, "आयुष्यभर अंडी-मटण खाल्लं, त्याचं हे फळ. प्रोटीननं गाठ वाढते, बंद करा सगळं." आजीने ऐकलं. तिने अंडं बंद केलं, दूध बंद केलं, डाळीचं पाणीसुद्धा बंद केलं. तीन आठवडे आबा तांदळाच्या पेजेवर. वजन ५१ वरून ४७ किलोवर आलं आणि डॉक्टरांनी रेडिएशन पुढे ढकललं. अंगात ताकदच नव्हती ते सोसायची.

तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी आजीला समोर बसवून हिशोब सांगितला. निरोगी माणसाला रोज वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. कॅन्सरच्या पेशंटला १ ते १.५ ग्रॅम लागतं, कारण शरीर स्वतःचेच स्नायू खात असतं. म्हणजे आबांना रोज ४७ ते ७० ग्रॅम. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम. करा बेरीज! मग नळीतून दूध, अंडं, डाळ सुरू झाली. वजन थांबलं, उपचारही सुरू झाले. पण ते तीन आठवडे परत कुठून आणायचे?

तेव्हापासून या विषयावर मिळेल ते वाचत आले. जेवढं कळलं तेवढं सांगते. एकूण किती प्रोटीन खाल्लं यावरून अन्ननलिकेचा कॅन्सर होईल की नाही हे ठरतं, असा ठोस पुरावा नाही. सॉसेज, सलामीसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये कर्करोगकारक ठरवलं खरं, पण तो पुरावा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा होता. उलट चीनच्या हेनान प्रांतातला लिनशियान हा भाग अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी जगभर ओळखला गेला, आणि तिथल्या गरीब शेतकऱ्यांच्या ताटात मांस आणि ताजी फळं फार कमी असायची. खरे आरोपी वेगळेच आहेत. तंबाखू (ओढायची तशी चघळायचीही), सुपारी आणि दारू. या कॅन्सरच्या दुसऱ्या एका प्रकारात लठ्ठपणा आणि वर्षानुवर्षं अंगावर काढलेली ॲसिडिटी. आणि २०१६ मध्ये त्याच संस्थेने ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेयांनाही संशयितांच्या यादीत घातलं. चहाला नाही हं, त्याच्या तापमानाला!

आबा पुढच्या गणपतीत गेले. तेराव्यानंतर एका रात्री आजीने मला हळूच विचारलं, "पोरी, तू एवढी शिकतीस. खरं सांग, माज्या हातच्या मटणानं तर न्हाई ना झालं?"

मी म्हटलं, "नाही गं आजी. तंबाखूने झालं असणार."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आन् च्या? त्यो बी मीच करून देत हुते."

काय उत्तर देणार? चहा तिने केला, पण तसाच उकळता घशात ओतायचा हट्ट आबांचा होता. मी एवढंच म्हटलं, "आजी, तुझी बशी बरोबर होती." बशीत चहा पसरतो, पृष्ठभाग वाढतो, उष्णता झटकन निघून जाते. हीट ट्रान्सफरचा धडा, आणि तोही शाळेत न गेलेल्या बाईकडून!

तर मित्रमैत्रिणींनो, मेसमधली उसळ, डाळ, अंडी बिनधास्त खा. गेटबाहेरच्या टपरीवर सबमिशनच्या रात्री जी पुडी फाडता, तिच्याबद्दल मात्र विचार करा. आणि सुट्टीत घरी गेलात की घरातलं मोठं माणूस कसं जेवतंय ते नीट बघा. भाकरी कुस्करायला लागलं असेल, घास अडकतो म्हणत असेल, तर माझ्यासारखा विनोद करू नका. आधी डॉक्टरकडे न्या.

मी हल्ली टपरीवर बशी मागते. टपरीवाले मामा हसतात, पण देतात. फुर्रर्र आवाजही करते. सिस्टर, सॉरी!