नकाराचे वाचन

पडलेले क्वाडकॉप्टर पुन्हा उडायला तयार होत नाही, तेव्हा आपल्या तोंडी सहज येणारे क्रियापद म्हणजे 'रुसणे'. शेतातला पंप असो की जुनी स्कूटर, बंद पडलेल्या यंत्राला आपण याच क्रियापदाने समजून घेत आलो आहोत. रुसवा काढायचा असतो; त्याचा अर्थ लावायचा नसतो. या यंत्राच्या बाबतीत मात्र हे रूपक दिशाभूल करते, असे आम्हांस वाटते. त्याचा नकार हे एक विधान असते, आणि विधान वाचावे लागते.

आमचे पाच इंची पात्यांचे क्वाडकॉप्टर वाऱ्याच्या झोतात बाभळीवर आदळून मुरमाड जमिनीवर पडले. नवी बॅटरी जोडली, दिवे लागले, रिमोटशी जुळणीही झाली. पण स्विच वर केला तरी चारही मोटरी निश्चल. उडवणाऱ्यांच्या बोलीत, ते 'आर्म' होईना. हा इंग्रजी शब्द शस्त्रांच्या कुळातला. मराठीत आपण 'सज्ज' म्हणू. आणि 'सज्ज'च्या शेजारीच 'सज्य' उभा आहे, म्हणजे ज्या, दोरी, चढवलेले धनुष्य. तशा धनुष्याजवळ बेसावध वावरू नये, तसेच सज्ज यंत्राजवळही. म्हणून तपासणीला बसण्यापूर्वी चारही पाती काढून ठेवायची, हा पहिला नियम. बोटे शाबूत राहिली तरच पुढचे चिंतन.

या यंत्राचा मेंदू बीटाफ्लाइट या मुक्तस्रोत प्रणालीवर चालतो. सज्ज होण्यास हरकत असेल तर ती बझरमधून सांगितली जाते. आधी पाच आखूड बीप. ही केवळ नांदी. मग काही लांब, मग काही आखूड. वृत्तांच्या अभ्यासकाला लघु-गुरूंची आठवण यावी अशीच ही रचना. फरक इतकाच, की छंदशास्त्रात गुरूच्या मात्रा दोन, येथे पाच. लघूची येथेही एकच. एक गुरू आणि तीन लघू ऐकू आले, म्हणजे आठ. आमच्या प्रणालीत आठव्या कारणाचा अर्थ, रिमोटवरील थ्रॉटलची दांडी तळाशी नाही. आवृत्तीगणिक हे क्रमांक बदलत आले आहेत. तेव्हा ज्या आवृत्तीची संहिता, तिचाच कोश उघडावा लागतो. पाठभेदांचे हे भान साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे शिकवायला नको.

दांडीशेजारचा ट्रिमचा खटका धावपळीत सरकला होता. तो जागेवर आणला. पुन्हा बीप, या वेळी एक गुरू आणि चार लघू. कारणे अनेक असली तरी बझर यादीतले पहिलेच सांगतो. ते दूर झाले की पुढचे बोलू लागते. नववे कारण, यंत्र तिरके आहे. प्रत्यक्षात ते सपाट टेबलावर होते. संगणकाला जोडून पाहिले, तर पडद्यावरची त्याची प्रतिमा खरोखरच एका कुशीवर कलंडलेली. येथे एक गमतीचा पेच आहे. संगणकाशी जोडलेले असणे हेही सज्ज न होण्याचे एक कारण प्रणालीने मानले आहे. नकाराचे कारण विचारायला जावे, तर विचारणे हेच आणखी एक कारण होऊन बसते.

या टप्प्यावर एक सोपी वाट सुचवली जाते. किती अंशांपर्यंतचा कल चालेल, हा आकडा साधारणपणे २५ असतो. तो १८० केला की कलाची तक्रारच उरत नाही. शर्यतीत उडवणारे हे जाणूनबुजून करतात आणि ते योग्यही आहे. वाकडेतिकडे पडलेले यंत्र त्यांना तिथूनच उचलायचे असते. पण सपाट टेबलावर स्वतःला कलंडलेले समजणाऱ्या यंत्राची गोष्ट वेगळी. कल मोजणारा ॲक्सलरोमीटर आणि फिरण्याचा वेग मोजणारा जायरो बहुधा एकाच चिपमध्ये नांदतात, आणि हवेतला सारा तोल जायरोच्या भरवशावर असतो. एक साक्षीदार भलतेच सांगू लागला असता त्याच घरातल्या दुसऱ्यावर विसंबावे का, हा प्रश्न १८० या आकड्याने सुटत नाही. तो फक्त ऐकू येईनासा होतो.

आम्ही सपाट पृष्ठभागावर नव्याने मापांकन केले. प्रतिमा क्षणभर सरळ झाली आणि यंत्र हातात उचलताच पुन्हा भलतीकडे वाहू लागली. चिप निकामी झाली होती. बोर्ड बदलला.

या नकारांच्या यादीत शेवटी एक कारण आहे, ते आम्हांस सर्वांत विचारप्रवर्तक वाटते. हरकत असतानाच स्विच वर केलेला असेल, तर हरकत दूर झाल्यावरही यंत्र आपोआप सज्ज होत नाही. स्विच खाली आणून पुन्हा वर करावा लागतो. मघाची इच्छा आताच्या परिस्थितीत ग्राह्य धरली जात नाही. ती नव्याने व्यक्त करावी लागते. समीक्षेत आपण पुष्कळदा याच्या उलट वागतो. संहिता विरोध करू लागली तरी अभिप्रायाचा स्विच वरच ठेवतो, आणि ती कधीतरी आपल्याला अनुकूल होईल म्हणून वाट पाहत बसतो.