फडातल्या पोरी

दसरा सरला की बीडकडच्या गावांतून ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरांत, भांड्यांच्या पोत्यांवर, तेरा-चौदा वर्षांच्या पोरीही बसलेल्या असतात. मजुरीच्या हिशेबात एक 'कोयता' धरतात तो नवरा-बायकोच्या जोडीचा. पोरीच्या नावावर उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नसते, म्हणून तिची मोजदादही नसते. पहाटे भाकऱ्या थापायला, धाकट्याला सांभाळायला, मोळ्या बांधायला मात्र ती असते. पाळी येते तेव्हा तिला आडोसा उसाचाच, आणि तो रोज थोडाथोडा तोडला जातो. पॅड मिळालं तरी बदलायचं कुठे? मग दिवसभर एकच फडकं. धुतलेलं फडकं नजरेआड वाळवायचं, म्हणजे उन्हाआडही.

एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. त्यासोबत १५ ते २० मिलिग्रॅम लोह. हे भरून निघायचं ते जेवणातूनच. फडातल्या पोरीच्या वाट्याला भाकरी आणि ठेचा, तोही सगळ्यांचं झाल्यावर. बाजरीत लोह आहे, पण ते अंगी लागायला लिंबू, पेरू, आवळा असं काही सोबत हवं. जेवणावर लगेच घेतलेला चहा तर ते अडवतोच, आणि फडात भूक मारायला चहाच असतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्यातून येणारी चक्कर, धाप आपण 'वयाची' म्हणून सोडून देतो, याचा मला राग येतो.

शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देण्याची योजना आहे. योजना चांगली, पण ती पटावरच्या नावाला बांधलेली. नाव गावात, पोरगी सांगली-कोल्हापूरकडच्या फडात.

२०१९ साली सरकारी समितीने बीडच्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. अंगावरून जाणं, ओटीपोटातलं दुखणं, खाडा पडला की कापली जाणारी मजुरी, अशी कारणं बायकांनी सांगितली. दुखणं अंगावर काढायची ही सवय पोरींना तेराव्या वर्षीच लागते, असं मला दिसतं.

कारखान्याकडे प्रत्येक टोळीची नोंद असते, प्रत्येक गाडीचं वजन किलोपर्यंत लिहिलेलं असतं. त्याच वहीत पोरींची नावं घालता येतील. तळावर दाराचं संडास-न्हाणीघर, आठवड्याची गोळी, हंगामाच्या सुरुवातीला आणि शेवटी रक्ततपासणी, आणि डाळ-शेंगदाण्यांचा शिधा पोरीच्या नावाने, आईबापाच्या उचलीत न धरता, एवढं तरी हवं.